एकटीला पेलेल असे

छपराच्या पन्हळीतला कचरा ओढून घेणारे यंत्र निवडणे हा मुळात सोपा प्रश्न आहे. हवा किती वाहते, पाणी किती उंच चढते, नळी किती रुंद आहे आणि सगळ्या सरंजामाचे वजन किती, एवढे कळले की निर्णय एका बैठकीत व्हावा. माझ्या बायकोला त्यासाठी अख्खा उन्हाळा पुरला नाही. हवेचा आणि पाण्याचा प्रवाह मोजणारी उपकरणे तपासून देणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे सल्ला देण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी सल्ला दिला. तो बिनचूक होता आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

हिचा धंदा पन्हळी साफ करण्याचा. पानगळ सुरू झाली की उतरत्या छपरांच्या कडेच्या पन्हळी तुंबतात, पाणी भिंतीत मुरते आणि मग लोकांना हिचा फोन नंबर आठवतो. नातेवाईक या कामाला गटारे उपसणे म्हणत. गटार खाली असते आणि पन्हळ वर, तेव्हा आम्ही वरच्या दर्जाच्या आहोत, असे ही त्यांना भर जेवणात ऐकवत असे. यातले 'आम्ही' हे आदरार्थी बहुवचन नव्हते. त्यात खरोखरच दोघी होत्या: ही, आणि हिची जाऊ, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत.

धाकटी शिडीवर आणि ही शिडीच्या पायथ्याशी, ही वाटणी पहिल्याच कामाला ठरली आणि पुढे कधी बदलली नाही. हिला उंचीची भीती होती असे नाही. धाकटीला खाली उभे राहण्याचा कंटाळा होता, एवढेच. ती वर हातमोजे घालून चिखल, शेवाळ आणि कुजलेली पाने बादलीत भरी, बादली दोराने खाली सोडी, आणि हे करताना तिचे तोंड अखंड चालू असे. पन्हळीत काय सापडले, पलीकडच्या गच्चीवर कोण कोणाशी बोलत नाही, या घरमालकाने छपराचा फक्त समोरचा भाग कसा रंगवला आहे, सगळे. ही शिडी धरून ऐकत असे. हिला वरचे काहीच दिसत नसे, पण संध्याकाळी जेवताना ही मला त्या छपरांविषयी इतके तपशीलवार सांगे, की जणू स्वतः वर जाऊन आली आहे. पुराव्याच्या दृष्टीने ही सगळी ऐकीव माहिती आहे, असे मी एकदा म्हणालो. त्यानंतर बरेच दिवस दोघी मला 'वकीलसाहेब' म्हणत होत्या.

धाकटी हिला 'जाऊबाई' म्हणे, थट्टेने, मुद्दाम फार मानाचा सूर लावून. एकदा एका मोठ्या घराच्या मागच्या बाजूला काम चालले होते. धाकटी छपराच्या कण्यापलीकडे गेली होती आणि तिला भरलेली बादली खाली द्यायची होती. तिने हाक मारली. वारा आडवा होता. शब्दाचा पहिला भाग नीट पोचला आणि 'बाई' वाटेतच विरली. त्यामुळे खाली उभ्या असलेल्या हिला 'जाऊ?' एवढाच प्रश्न ऐकू आला. काम आटोपून धाकटी घराच्या जिन्याने उतरणार, असे समजून हिने खालून "हो, चल" म्हणून उत्तर दिले, शिडी उतरवली, गाडीवर बांधली आणि इंजिन चालू करून बसून राहिली. शेवटी घरमालकिणीने गाडीच्या काचेवर टकटक केले आणि विचारले, तुमची एक बाई आमच्या छपरावर विसरलात का. त्या दिवशी दोघी घरी आल्या त्या हसतच, आणि धाकटीने जाहीर केले की जावेला हाक मारली की ती शिडी घेऊन निघून जाते, अशी सोय जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेत नसेल. तेव्हापासून कामावर असताना तिने हिला फक्त 'बाई' म्हणायचे, असा नियम झाला. जमिनीवर आल्यावर मात्र पुन्हा जाऊबाई.

मग माझा भाऊ आणि धाकटी वेगळे झाले. भांडण असे नव्हतेच. एकमेकांना सांगण्यासारखे काही शिल्लक राहिले नाही, असे भाऊ म्हणाला, आणि ते निदान मला शक्य कोटीतले वाटले. कायद्याने धाकटी आमची कोणी उरली नाही. आपल्या भाषेत चुलत सासऱ्याच्या मेहुण्यालाही शब्द सापडतो. पण जी काल जाऊ होती आणि आज नाही, तिला काय म्हणायचे, याची कुठे तरतूद नाही. धाकटी दूरच्या शहरात गेली. तिथे दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या एका कंपनीत तिला लगेच काम मिळाले. जाताना ती हिला म्हणाली होती की तिकडे मन रमले नाही, तर हंगामाला परत येईन.

वाक्य सशर्त होते. हिने त्यातली अट काढून टाकली आणि उरलेले जपून ठेवले.

शिडी धरायला कोणी नसेल तर शिडीवर चढू नये, एवढा शहाणपणा हिच्याकडे होता. म्हणून यंत्र. जमिनीवर उभे राहून लांब पोकळ दांडा पन्हळीपर्यंत पोचवायचा, दांड्याच्या टोकाला छोटा कॅमेरा, हातात छोटा पडदा, आणि कचरा सरळ खाली टाकीत. दुकानात दोन यंत्रे होती. एक मोठे, दोन मोटारींचे, पोलादी टाकीचे, चाकांवरचे. जमिनीवर ते लहान मुलासारखे मागे यायचे, पण गाडीत चढवायचे तर दोन माणसे लागत. दुसरे आटोपशीर, एका मोटारीचे, दांडीला धरून कोणीही उचलून नेईल असे. मोठे घेतले तर धाकटी येणार आहे. लहान घेतले तर येणार नाही. माहितीपत्रकात ही बाब नव्हती, पण आम्हा दोघांनाही ती ठाऊक होती, आणि आम्ही दोघेही नळीच्या व्यासाबद्दल बोलत होतो.

हिचा पहिला आक्षेप असा की एवढ्याशा यंत्राचा दम वरपर्यंत पोचणार नाही. मी सांगितले की हवेला वजन असते, पण इतके नव्हे. दम उंचीमुळे जात नाही, नळीच्या आतल्या घर्षणामुळे आणि सैल जोडांमुळे जातो. मी दुकानात जाऊन दोन्ही यंत्रांच्या तोंडाशी मोजमाप घेतले. दुकानदार माझ्या उपकरणाकडे डॉक्टरच्या पिशवीकडे बघावे तसा बघत होता. लहान यंत्र आमच्या भागातल्या कोणत्याही छपराला पुरून उरणारे होते. ही म्हणाली, असेल. पण टाकी लहान आहे, सारखी रिकामी करावी लागेल. मी म्हणालो की मोठी टाकी ओल्या पानांनी भरली तर ती हलणार नाही, म्हणजे तीही अर्धीच भरावी लागेल, म्हणजे फरक उरत नाही. मग आवाज. आवाज मोजला, तो मोठ्या यंत्राचाच जास्त निघाला. मग काही दिवस शांततेत गेले आणि एका सकाळी ही म्हणाली की त्याचा पिवळा रंग डोळ्यांत खुपतो.

रंग मोजायला माझ्याकडे काही नव्हते.

मी दुसरा मार्गही सुचवला होता: मदतनीस ठेव आणि मोठे यंत्र घे. त्याप्रमाणे दोघीतिघी येऊन भेटून गेल्या. एक तर चांगली दणकट होती आणि तिने आधी रंगकामाच्या परांचीवर काम केले होते. ही तिच्याशी गोड बोलली, चहा दिला, आणि ती गेल्यावर म्हणाली की ही बाई फार कमी बोलते. कामाला बोलण्याची गरज काय, असे मी विचारले नाही, कारण उत्तर मला माहीत होते.

दुकानदार मात्र आता कंटाळला होता. तो हिला म्हणाला, "बाई, इतक्या वेळात लोक सून पसंत करून आणतात आणि माहेरीसुद्धा पाठवतात." लहान यंत्राला दुसरे गिऱ्हाईक आले होते. दुकानदाराने ते हिच्या गाडीत ठेवून दिले आणि सांगितले, दिवसभर घरी चालवून बघा. संध्याकाळी एक तर परत आणा किंवा ठेवून घ्या, पण यानंतर मला नळीबद्दल काहीही विचारू नका.

यंत्र आमच्या मागच्या अंगणात आले. मी रजा घेतली. भिंतीला उंचावर पन्हळीचा एक तुकडा ठोकला, आणि बादलीत ओली पाने, शेवाळ आणि वाळू कालवायला बसलो. ही पायरीवर बसून यंत्राची नळी गुंडाळत होती आणि पुन्हा उलगडत होती.

"मोठं यंत्र घेतलंस तर ते उचलायला दुसरी कोण असेल?" मी विचारले. हे मी आधी विचारायला हवे होते की नंतर, हे मला आजही ठरवता येत नाही. पण विचारले ते तेव्हा.

"असेल कुणीतरी."

"मग तिला फोन करून विचार ना."

"विचारलं की ती उत्तर देईल," ही म्हणाली.

प्रयोगाविरुद्ध अनेक प्रकारचे आक्षेप मी ऐकले आहेत. खर्च होतो, वेळ जातो, उपकरण बिघडते. प्रयोग करू नये, कारण त्यातून निकाल हाती येतो, हा आक्षेप मी प्रथमच ऐकत होतो. मी पाने कालवत राहिलो. थोड्या वेळाने हिने आपण होऊनच फोन काढला. आवाज मोठा करून तो यंत्राच्या झाकणावर ठेवला, तांत्रिक काही निघाले तर मी सांगावे म्हणून, असे कारण देऊन.

धाकटीने लगेच उचलला. मागे वारा होता. "हां, बोला ताई," ती म्हणाली.

ताई हा शब्द वाईट नाही. तो बसथांब्यावरची अनोळखी बाईही वापरते, बँकेतला कारकूनही वापरतो, आणि त्यात आदर असतो. हिने तो ऐकला. हिचा हात नळीवर होता तो तिथेच थांबला. मग ही नेहमीच्या आवाजात यंत्राबद्दल बोलू लागली.

धाकटीचे प्रश्न नेमके होते. दांड्याचे तुकडे आटे फिरवून जोडायचे की खटका दाबून? नळी वाकली तर दबते का? चाके खडीवर चालतात का? मी उत्तरे देत गेलो. मी वजन सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, दादा अजून दशांश चिन्हापुढचे आकडे सांगतात वाटतं, इथे आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही 'एका हातात मावतं' असं सांगतो. ते हसणे जुनेच होते. त्यात काहीही बदललेले नव्हते, आणि मला वाटते, तेच हिला जड गेले. हिने एकदम विषय सोडला.

"तिकडे तुझी शिडी कोण धरतं गं?"

"शिडी नसते हो इथे. दोर असतो."

"मग खाली कोण असतं?"

"खाली कुणीच नाही." धाकटी हे सहज सांगत होती, आनंदाने सांगत होती, असेही म्हणता येईल. "आम्ही दोघीही वरच असतो. एका दोरावर ती, एका दोरावर मी. इतकी बडबडी आहे ना ती, काही विचारू नका. दिवस कसा जातो कळत नाही."

मशीन बंद होते, तरी हिने नळीचे तोंड तळहाताने झाकून धरले होते, ओढ लागते का ते बघावे तसे.

"मोठं यंत्र चांगलं आहे," ही शेवटी म्हणाली. "पण ते उचलायला दोघी लागतात."

यात प्रश्न नव्हता. वाक्यरचनेच्या दृष्टीने हे साधे विधान होते, आणि तशी विधाने मी कारखान्यांच्या अहवालांतून रोज लिहितो. पण पलीकडे वाऱ्याचा आवाज एकदम मंदावला. धाकटी कुठेतरी आडोशाला गेली असावी, किंवा तिने फोन हाताने झाकला असावा.

"एकटीला पेलेल असंच घ्या, ताई," ती हळू म्हणाली. "उगीच पाठीचं दुखणं मागे लावून घेऊ नका."

"बरं."

"राग नाही ना आला?"

"राग कशाचा? यंत्राबद्दलच तर विचारत होते मी." मग हिने तिला विचारले की तिकडे हातमोजे बरे देतात का, आणि ते ओले झाले तर बदलून मिळतात का. मिळतात, असे धाकटी म्हणाली. त्यावर दोघींनी फोन ठेवला. कोणी आधी ठेवला, ते मला ऐकण्यावरून सांगता आले नाही.

चाचणी तयार होती. आपल्याला कोणता निकाल हवा आहे हे ठाऊक असले की माणसाचा हात त्या बाजूला झुकतो. आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसांना हे पहिल्याच दिवशी सांगतात. मी ते इतरांना सांगत आलो आहे. तरी त्या सकाळी मी बादलीत वाळू प्रमाणापेक्षा जास्त घातली, वर दोन मूठ बारीक खडीही टाकली, आणि पाने कात्रीने कापायची सोडून लांब देठांसकट तशीच ठेवली. कोणत्याही खऱ्या पन्हळीत इतका वाईट कचरा नसतो. हिने ते पाहिले. हिने मला अडवले नाही. मी शिडीवर चढून पन्हळीचा तुकडा काठोकाठ भरला आणि खाली आलो.

हिने दांड्याचे तुकडे जोडले, पट्टा खांद्याला लावला, पडदा मनगटाला बांधला आणि बटण दाबले. सुरुवातीला यंत्र घोगरे झाले. एक देठ तोंडाशी आडवा अडकला आणि मोटारीचा सूर चढला. मी हिच्याकडे पाहिले. हिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आशा म्हणतात. एरवी ती अशा प्रसंगी दिसत नाही. मग देठ दुमडला, खाडकन आत गेला, त्याच्यामागून पाने, चिखल, खडी, सगळे नळीतून खडखडत खाली येऊ लागले. ही दांडा हळूहळू सरकवत होती. पडद्यावर पन्हळीचा तळ दिसू लागला, आधी एक पट्टा, मग सगळाच, धुतल्यासारखा. कोपऱ्यातली वाळूसुद्धा राहिली नव्हती. मी टाकी उघडली, आत बघितले, मोजायचे ते मोजले. नळीत कुठे गळती नव्हती. मोटार तापली नव्हती. हिने यंत्र एका हाताने उचलून गाडीच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवून पाहिले आणि परत आणले. त्यातही काही अडचण आली नाही.

"काय?" ही म्हणाली.

"उत्तीर्ण," मी म्हणालो. दुसरा शब्द वापरता आला असता तर मी वापरला असता.

ही पायरीवर बसली. हातमोजे काढले, एकात एक घातले, पुन्हा वेगळे केले. दुकान बंद व्हायला बराच अवकाश होता. भिंतीवरची ओली पन्हळ उन्हात चकाकत होती आणि तिच्यात काही नव्हते.

"एकदाच तर करून बघितलं आपण," ही म्हणाली. "एका वेळेवरून काय कळतं? तूच म्हणतोस ना."

मी तसे म्हणतो, हे खरे आहे. एका वाचनावर विसंबू नये; तीच चाचणी त्याच परिस्थितीत पुन्हा घ्यावी, शक्य तर आणखी एकदा, आणि मगच निष्कर्ष काढावा. दुसऱ्या वेळीही हेच होणार, हे मला ठाऊक होते. हिलाही होते. पण मागणी शास्त्राला धरून होती आणि तिच्यावर मला कोणताही आक्षेप घेता येत नव्हता. मी बादली उचलली आणि झाडाखाली ओली पाने गोळा करायला गेलो.